उभ्या जहाजाचा पोळा

बाबा,

तुम्ही जाताना माझ्याकडे दोन प्रश्न ठेवून गेलात. त्यातल्या एकाचं उत्तर मला सापडलं आहे, आणि ते इतकं झकास सापडलं आहे की सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. इथं सौंसरमध्ये सगळ्यांना सांगून झालं. आईला तर इतक्या वेळा सांगितलं की मी तोंड उघडलं की ती दूध उतू गेल्याचं निमित्त करून उठते. राहिलात तुम्ही एकटे. म्हणून आज दारापुढच्या सपरीत, तुम्ही चाकं जोडायचात त्याच जागी, तुमच्याच डगमगत्या पाटावर बसून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न तुम्हाला आठवत असेल. मी जहाजावर नोकरीला लागले आणि पहिल्या रविवारी फोन केला. कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही फोनवर आलात आणि नेहमीप्रमाणे ओरडूनच बोललात, जणू समुद्रापर्यंत आवाज फोनशिवायच पोचवायचा होता. "चालते कसं तुह्यं जहाज?" मी म्हटलं, "चालत नाही बाबा. धक्क्याले बांधून असते. लय जुनं हाय, तीन डोलकाठ्यायचं, शिडाचं. लोकं पाहाले येतात, मी त्यायले दाखवतो." तुम्ही ते दुकानात सगळ्यांना सांगितलंत. मग म्हणालात, "चालत नाही, त मंग जहाज कायचं? उभ्या बैलाले कोणी चारा घालते का व?" दुकानातली माणसं हसलेली मला ऐकू आली. मी चिडले, काहीतरी उत्तर दिलं, पण ते उत्तर नव्हतं, नुसतं तोंड होतं. त्यानंतर दर रविवारी तुम्ही तोच प्रश्न विचारायचात आणि मी दर रविवारी काहीतरी सांगायचे. मुलांना गाठी मारायला शिकवते. म्हाताऱ्या खलाशांच्या गोष्टी लोकांना ऐकवते. पौर्णिमेला डेकवर गाणी होतात. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "हो, पण जहाज करते काय?" दुसरा प्रश्न तुम्ही फोन ठेवताना विचारायचात. तो शेवटी लिहीन. तो अवघड आहे.

आता जहाजाचं खूळ माझ्या डोक्यात कोणी भरलं हे आधी कबूल करा. नागपूरच्या लाकूडवाल्यानं तुम्हाला दिलेलं ते कॅलेंडर, ज्याच्यावर पांढऱ्या शिडांचं जहाज होतं, ते तुम्हीच सपरीच्या भिंतीवर ठोकलं आणि वर्ष संपलं तरी काढलं नाही. श्रावण लागला की तुम्ही बैलबंड्यांचं काम बाजूला ठेवून तान्ह्या पोळ्याचे, पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल करायला घ्यायचात. अंगणभर बिनपायांचे बैल वाळत पडलेले असायचे. अर्ध्या सौंसरची पोरं तुमचे बैल ओढायची. आणि मी, सुताराची पोरगी, तुमच्यासमोर उभी राहून म्हणते आहे, "मले बैल नको. मले ते पाहिजे." तुम्ही कॅलेंडरकडे बघता, मग माझ्याकडे. "काहून व? बैलानं तुह्यं काय वाकडं केलं?" मी हटून बसते. आई आतून म्हणते, "करून द्या जी एकदाचं, नाहीतर जेवन नाही ते."

आणि तुम्ही केलंत. उरलेल्या सागवानाचं, माझ्या कमरेइतकं उंच, खाली बंडीच्या चाकांसारखी चार चाकं. पुढच्या टोकाला तुम्ही दोन शिंगं बसवलीत, कारण पोळ्यात शिंगांशिवाय जायचं म्हणजे तुम्हाला कसंसंच वाटत होतं. तीन काठ्या उभ्या केल्या. आणि शिडं मात्र, बाबा, तुमच्या जुन्या धोतराची ती शिडं, तुम्ही आडवी ताणलीत! बंडीवर उन्हासाठी कापड बांधतात तशी, काठीपासून काठीपर्यंत, छतासारखी. मी चित्र दाखवलं. "बाबा, ह्याच्यात उभी हायेत." तुम्ही चित्राकडे नीट बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "त्या दिवशी त्यायनं कापडं वाळू घातली असन. कापड कायले लावते मानूस? उन्हापावसासाठी. उभं कापड लावून कोनाले सावली भेटते?"  शीड वारा धरतं, हे आपल्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे वारा धरायला कोणी जातच नाही, वाऱ्यापासून कापूस सांभाळायचा असतो.

पोळा भरतो त्या तोरणाखाली काय झालं ते तुम्ही बघितलं नाहीत. सगळ्या पोरांचे बैल ओळीनं उभे, आणि मध्ये माझं शिंगांचं जहाज. पोरं हसून हसून आडवी पडली. मग घरोघर बोजारा मागायला निघालो. बैलांना गूळ, खोबरं, कोणी चिल्लर देत होतं. माझ्यापुढं आल्यावर पहिल्याच घरची काकू म्हणाली, "जहाजाले कायचा बोजारा व? हंबरते का तुह्यं जहाज?" दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरापर्यंत मी गेलेच नाही. जहाज ओढत, रडत घरी आले. तुम्ही चाकाला लोखंडी धाव बसवत होतात. मान वर न करता विचारलंत, "जहाज तूनं मांगितलं का मीनं?" मी म्हटलं, "मीनं." "मंग वढ." एवढंच. मला वाटलं, बाप म्हणायचं की वैरी. पण मग तुम्ही उठलात, हात धुतलेत, खांद्यावर दुपट्टा टाकलात आणि माझ्यामागं चालू लागलात. प्रत्येक दारात मी पुढं जहाज घेऊन उभी, आणि मागं हाताची घडी घालून तुम्ही.  सौंसरमध्ये तुम्ही न बसवलेली दारं थोडीच होती. त्या दिवशी प्रत्येक दार उघडलं, आणि प्रत्येक घरानं जहाजाला बोजारा दिला. हंबरते का विचारणाऱ्या काकूनं तर दोनदा दिला.

हे सगळं आज सांगते आहे कारण मागच्या पावसाळ्याआधी माझं जहाज जायची वेळ आली होती. बुडून नाही. आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षीणबाई फार कडक, पण खोट्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं. पावसाळ्यात जहाज बंद, शिडं उतरवून कोठीत, आणि उरलेल्या महिन्यांत पायरीवर कुत्रंही फिरकत नाही. शाळांच्या सहली कमी झाल्या होत्या, व्याख्यानांना तेच ते आठ-दहा पांढरे केस. एक हॉटेलवाला जहाज लग्नाच्या पार्ट्यांना मागत होता. दिवे लावणार, डेकवर गालिचे घालणार, डोलकाठ्यांना फुगे बांधणार. दसऱ्याला बैठक, आणि तिथं माझे कार्यक्रम बंद करून जहाज त्याला द्यायचा ठराव. मी म्हटलं, "मला या पावसाळ्यात एक दिवस द्या. लोक आले नाहीत तर मी स्वतः फुगे बांधीन." बाई म्हणाल्या, "पावसात कोण येणार आहे?" आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, विचार न करता निघून गेलं: "बैल येतील."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग मला समजावून सांगावं लागलं. जहाजाच्या त्या शहरात आपल्याकडची किती माणसं आहेत, बाबा! नागपूर, वर्धा, अमरावती, आणि आपली छिंदवाड्याकडचीही. कोणी गिरणीत आलेलं, कोणी सरकारी नोकरीत, कोणी कोणाच्या मागं. पोळा आला की सगळ्यांचे जीव तुटतात. घरात एक लाकडी बैल असतो, तो टीव्हीशेजारी ठेवून पूजा करतात आणि संपतं. त्याला न्यायला तोरण नाही. मी म्हटलं, आमच्या धक्क्यावर तोरण बांधू. बाईंना अर्धं कळलं, अर्धं नाही, पण त्यांनी दिवस दिला.

मग मी शाळेतल्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. ती आता रामाकोन्याच्या शाळेत शिकवते. म्हटलं, पोरं घेऊन ये. ती म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी? तुह्यं डोकं फिरलं काय? घरचा बैल सोडून कोन येते! अन् पांढुर्ण्याची पोरं पायजे असन तुले, त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं एकमेकायले गोटे मारतात, हे मी सांगू का?" तेव्हा ठरलं, पोळ्यानंतरचा रविवार. घरचा पोळा, गावचा सगळा गोंधळ उरकून ती निघाली. सौंसरची आणि रामाकोन्याची पोरं नागपूरच्या बसनं, पांढुर्ण्याची गाडीनं, आणि नागपूर स्टेशनवर सगळी एकत्र. प्रत्येकाच्या काखेत एक बैल. तिकीट तपासनीसानं विचारलं म्हणे, हे सामान कुणाचं, तर एक पोरगी म्हणाली, "सामान नाही जी, बैल हाय."

आदल्या संध्याकाळी पोरं जहाजावर आली. त्यातल्या एकानंही समुद्र बघितला नव्हता. पण समुद्राकडं त्यांनी फारसं लक्षच दिलं नाही, सगळ्यांच्या नजरा वर, डोलकाठीच्या टोकाला. मैत्रिणीनं पिशवीतून हळद आणि लोण्याची वाटी काढली, पळसाची पानंही तिनं गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. म्हणाली, "खांद शेकल्याशिवाय पोळा नाही. ह्याचा खांदा कोनता?" मी डेकवर नजर फिरवली. मग मधल्या डोलकाठीचा बुंधा दाखवला, जिथं आयुष्यभर दोर घासून लाकडाला खोल वळ पडले आहेत. पोरांनी तिथं पळसाच्या पानांनी हळद-लोणी चोळलं, हलक्या हातानं, खऱ्या बैलाच्या खांद्याला चोळतात तसं. आणि सगळ्यांनी मिळून जहाजाला आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमचे तांडेल, म्हणजे शिडादोरांचे मुख्य, कोकणातले, सत्तरीचे, दुरून बघत होते. मला वाटलं रागावले. ते आत गेले आणि एक नारळ घेऊन आले. तो डोलकाठीच्या पायाशी ठेवला आणि डोळे पुसत निघून गेले.

रविवारी सकाळी मी फाटक उघडायला गेले तर मला रस्ता दिसेना. बैल! हातात बैल, डोक्यावर बैल, रिक्षातून उतरणारे बैल, बाबागाडीत बसवलेला बैल. म्हाताऱ्या बायका नऊवारीत, त्यांच्या नातवांच्या गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, आणि सगळ्यांच्या तोंडी आपली भाषा. "कोठचे जी तुम्ही?" "तिगावचे." "अरे, मंग त आपले शेजारी!" कोळीवाड्यातली माणसं काय चाललंय बघायला आली आणि थांबली. आंब्याच्या पानांचं तोरण धक्क्यापासून जहाजापर्यंत. अध्यक्षीणबाई छत्री धरून उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. आणि बरोबर त्याच वेळी आभाळ फुटलं.

पाऊस असा की समोरचं दिसेना. लोक पोरांना पोटाशी धरून बैलांवर पदर घालत होते, आणि मागची माणसं फाटकाकडं वळायला लागली होती. मला दिसत होतं की दहा मिनिटांत सगळं ओसरणार आणि दसऱ्याला फुगे येणार.  आणि तेव्हा मला तुमचं धोतर आठवलं. काठीपासून काठीपर्यंत, आडवं. मी तांडेलांकडे धावले. म्हटलं, कोठीतलं मोठं जुनं शीड काढा, मधल्या डोलकाठीपासून पुढच्या काठीपर्यंत ताणा. ते म्हणाले, "अगो बाय, शीड म्हणजे काय मांडव आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे आहे."  मग त्यांनी हाक मारली, खलाशी धावले, पोरांचे बाप धावले, आणि ते भलंमोठं जाड कापड डेकवर छतासारखं ताणलं गेलं. उभं कापड लावून कोनाले सावली भेटते! सगळं डेक त्याच्याखाली आलं, बाबा. म्हाताऱ्या, पोरं, बैल, कोळणी, अध्यक्षीणबाई, सगळे. फाटकाकडे वळलेले लोक परत फिरले. पाऊस वरून बडवत होता आणि खाली माणसं एकमेकांना खेटून पुरणपोळ्यांचे डबे उघडत होती.

मग रामाकोन्याच्या एका पोरीनं झडती म्हटली. आपल्याकडे तोरणाखाली म्हणतात तशीच, पण ही तिनंच गाडीत जुळवलेली:

"कापूस आमच्या वावरातला, त्याचं झालं शीड,
बैल उभा पाण्यावरती, त्याले नाही चीड!"

आणि सगळं जहाज एका आवाजात ओरडलं, "हर बोला, हर हर महादेव!"  तांडेल माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा आवाज सोडू नको. दोर ह्यानंच ओढतात." पाऊस थोडा उघडला तसं त्यांनी पुढच्या डोलकाठीवर एक लहान शीड चढवायला घेतलं. दोर लोकांच्या हातात दिला. एरवी सहलीची पोरं दोर ओढतात तेव्हा एक इकडं, एक तिकडं. त्या दिवशी झडती झाली की "महादेव" म्हणताना सगळे एकदम ओढत होते. दोरावर कोळी होते, वर्ध्याचे बँकवाले होते, तिगावच्या आजी होत्या, आणि शेवटाला साडी खोचलेल्या अध्यक्षीणबाई. शीड हातहात वर गेलं, वाऱ्यानं भरलं आणि जहाज बांधल्या जागी जरासं हललं. नुसतं हललं, पण सगळ्यांच्या पायांना कळलं. एवढा जल्लोष मी जन्मात ऐकला नाही. मी रडत होते, हसत होते, आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती.

तिथं मला तुमचं उत्तर मिळालं. पोळ्याच्या दिवशी बैल काय करतो, बाबा? काही करत नाही. त्या दिवशी त्याला कोणी जुंपत नाही. तो उभा असतो. आणि त्याच दिवशी सगळं गाव त्याच्याकडे नीट बघतं, त्याच्या खांद्यावरचे वळ हातानं चाचपतं, पोरांना सांगतं की ह्यानं आपलं सगळं वाहिलं. उभ्या बैलाला चारा घालतातच, आणि वर पुरणपोळीही घालतात. माझं जहाज तेच करतं. जन्मभर ओझं वाहून आता उभं आहे, आणि मी त्याचा रोज पोळा करते. हे तुम्हाला दर रविवारी सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाच कुठं ठाऊक होतं.

दसऱ्याच्या बैठकीत हॉटेलवाल्याचं नावही निघालं नाही. अध्यक्षीणबाईंनी सुरुवातच अशी केली की, पुढच्या पोळ्याची तयारी कधीपासून करायची? आता पावसाळ्यातही जहाज उघडं असतं, शीड ताणून त्याखाली शाळा भरतात, कोळीवाड्याच्या बायका गाणी म्हणतात, आणि लोक त्या छताला 'मांडव' म्हणतात. तांडेलही म्हणतात, पण मी ऐकते आहे हे कळलं की खोकतात.

या वर्षी मी मुद्दाम तान्ह्या पोळ्याला सौंसरला आले. जहाजाचा रविवार अजून पुढं आहे. काल दुपारी आई आणि मी दारात उभ्या होतो आणि गल्लीच्या तोंडातून पोरांची रांग आली. बैल, बैल, बैल, आणि मग जहाज. एक नाही, कितीतरी. मागच्या वर्षी आलेल्या पोरांनी बापाच्या मागं लागून करून घेतलेली. चाकांची, रंगवलेली, काहींना शिंगंसुद्धा. आणि शिडं, बाबा? सगळ्यांची आडवी. कारण त्यांनी समुद्रावर तसंच बघितलं होतं. मी एकीला विचारलं, शीड असं का गं, तर ती मला वेड्यात काढल्यासारखी बघून म्हणाली, "मंग? पावसात भिजाचं काय?" हंबरते का म्हणणारी काकू आता फार थकली आहे, दारात खुर्ची टाकून बसते. तिनं प्रत्येक जहाजाला बोजारा दिला. मला बघून ओरडली, "तुह्याच्यानं झालं हे सारं, मले लुटलं!" मी एका लहानग्या जहाजामागं, हाताची घडी घालून, तुमच्यासारखी सगळ्या दारांवरून फिरून आले. गरज नव्हती. कोणीच नाही म्हणत नव्हतं. तरी फिरले.

आई आत्ता येऊन विचारून गेली, "कोनाले लिहून राहिली व एवढं?" मी म्हटलं, बाबाले. ती म्हणाली, "मंग लिही त्यायले, सगळ्या गावाची दारं बसवली, घरच्या पाटाचा पाय अजून हालतेच म्हना." तर हे तिच्याकडून. पत्र टाकायचं नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "ठेव मंग पाटाच्या पायाखाली, कामात तरी येईन." तसंच करीन.

आता दुसरा प्रश्न. दर रविवारी फोन ठेवताना तुम्ही विचारायचात, "पोहनं शिकली का व?" आणि मी म्हणायचे, "शिकून राहिली, बाबा." तुम्ही म्हणायचात, "मंग ठीक." जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारीही हेच विचारलंत, हेच ऐकलंत आणि निश्चिंत फोन ठेवलात. मागच्या वर्षी त्या जल्लोषात, शीड भरलेलं, दोर अजून लोकांच्या हातात, रामाकोन्याच्या त्याच झडतीवालीनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, तुमाले पोहता येते न?" एवढ्या वर्षांत जहाजावर कोणी विचारलं नव्हतं. मी कठड्याला घट्ट धरलं होतं, नेहमी धरते तसं. आणि जे तोंडात होतं तेच बाहेर आलं.

शिकून राहिली, बाबा. अजून शिकूनच राहिली.